हिंदी की कंबोडी?

अगरूच्या तेलाचे शौकीन एकत्र बसले की बोलणं फार वेळ दुसऱ्या विषयावर टिकत नाही. एकजण मनगट पुढे करतो. शेजारचा ते नाकाशी नेऊन छोटासा श्वास घेतो, हात दूर करतो, पुन्हा जवळ आणतो. "हिंदी?" "हिंदीच, पण किती जुनं ते सांगा." तोवर दुसरं मनगट पुढे आलेलं असतं, त्यावर कंबोडी. तिसऱ्याने बोर्निओचं लावलेलं असतं आणि त्याला ते सगळ्यांत वरचढ वाटत असतं. दुबई, कुवेत, दोहा, मस्कत इथल्या बैठकींत हे नेहमीचं आहे, आणि मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांकडेही पाहायला मिळतं. वरवर पाहणाऱ्याला हा आवडीनिवडीचा वाद वाटतो. पण एकाच कुळातल्या झाडांची ही तेलं इतकी निरनिराळी का लागतात याला ठोस कारणं आहेत, आणि ती माहीत झाली की नाकालाही फरक जास्त नेमका कळू लागतो.

आधी एक घोळ मिटवायला हवा. आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो तो ऊद म्हणजे बहुतेक वेळा लोबान, एका वेगळ्याच झाडाचा डिंक. अरबी जगात ज्याला ऊद म्हणतात ते अगरूचं लाकूड, आणि त्यातून काढलेलं तेल म्हणजे 'दहन अल-ऊद'. आपल्या रोजच्या उदबत्तीचं दुसरं नाव अगरबत्ती असलं, तरी बाजारातल्या बहुतेक काड्यांत अगर नावालाही नसतो. त्यामुळे अगरू म्हणून जे आपण ओळखतो असं वाटतं, ते प्रत्यक्षात आपल्यापैकी फार थोड्यांनी हुंगलेलं आहे.

अगरूचं झाड अ‍ॅक्विलेरिया या प्रजातीतलं. आसामपासून बांगलादेश, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया ते दक्षिण चीनपर्यंत त्याच्या वेगवेगळ्या जाती वाढतात. न्यू गिनीच्या बाजूला गायरिनॉप्स ही तिची भावंडप्रजाती भेटते. निरोगी झाड तोडलं तर आत फिकट, हलकं, जवळजवळ वासहीन लाकूड निघतं. सुगंध येतो तो जखमेतून. फांदी मोडली, वीज पडली, खोडात किडा शिरला की त्या वाटेने बुरशी आत जाते. आसामात हे काम मुख्यतः झ्यूझेरा कॉन्फर्टा नावाच्या एका पतंगाची अळी करते. ती खोड पोखरत वर चढते आणि मागे बोगदे ठेवते. झाड स्वतःला वाचवण्यासाठी त्या भागात गडद, चिकट राळ साठवू लागतं. हे वर्षानुवर्षं चालतं. जितकी राळ जास्त तितकं लाकूड काळं आणि जड, इतकं की उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. लागवडीच्या झाडांत आता खोडाला भोकं पाडून, खिळे ठोकून किंवा बुरशीचं द्रावण टोचून मुद्दाम जखम करतात, कारण अळीची वाट पाहत बसणं शेतकऱ्याला परवडत नाही.

लाकूड सोलणारा कारागीर काम करताना पाहावा. हातात अरुंद पटाशी. मांडीवर खोडाचा तुकडा. पांढरं लाकूड तो केसाएवढ्या पातळ सालपटांत काढत जातो आणि काळ्या रेघेशी पोचला की हात थांबतो. रेघ आत कुठे वळली आहे हे बाहेरून दिसत नसतं. एक फटका जास्त बसला तर महागडी ढलपी दुभंगते, कमी बसला तर पांढरं लाकूड चिकटून राहतं आणि भाव पडतो. मोठ्या, काळ्या ढलप्या धुपासाठी वेगळ्या निघतात. बाकीचा चुरा, ज्यात काळं-पांढरं मिसळलेलं असतं, तो भट्टीकडे जातो. तेल बहुतांशी याच चुऱ्याचं.

आणि भट्टीवर खरा फरक पडायला सुरुवात होते. आसामातल्या जुन्या पद्धतीत चुरा पाण्यात कित्येक दिवस, कधीकधी आठवडेच्या आठवडे, भिजत ठेवतात. ते पाणी आंबतं. मग सगळं पाण्यासकट डेगेत भरून खाली मंद आच लावतात आणि ती दिवसरात्र चालू ठेवतात. वाफेबरोबर आलेलं तेल पाण्यावर तरंगतं, त्याचा पातळ थर अलगद उचलतात आणि उरलेला ओलावा जाण्यासाठी तेलाला ऊन दाखवतात. हाती येणारं तेल इतकं थोडं की क्विंटलभर चुऱ्यामागे ते तोळ्यांत मोजावं लागतं. भिजवण्याचा काळ, पाणी कुठलं, डेग तांब्याची की स्टीलची, आच किती, पहिल्या दिवसाचं तेल की चौथ्या दिवसाचं, या प्रत्येक गोष्टीने वास हलतो. लाकूड तेच असलं तरी दोन भट्ट्यांची तेलं जाणकाराला वेगळी कळतात.

याचमुळे आसामच्या तेलाला, म्हणजे व्यापारातल्या 'हिंदी'ला, ती प्रसिद्ध सुरुवात मिळते. कुपीतल्या काचेच्या काडीने एक बारीक रेघ मनगटावर ओढली की पहिली दहा मिनिटं गोठ्याचा वास येतो. आडपडदा न ठेवता सांगायचं तर ओल्या कडब्याचा, कमावलेल्या कातड्याचा, आंबलेल्या पेंडीचा. नवखा माणूस इथेच मान फिरवतो. अर्ध्या तासाने मात्र तळातून लवंग, सुंठ आणि वाळलेल्या तंबाखूच्या पानाचा वास वर येतो, मागे काकवीचा गडद गोडवा. दोन-तीन तासांनी गोठा पूर्ण गेलेला असतो आणि उरतं ते कोरडं, धुरकट, किंचित कडू लाकूड. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहीची कड नाकाशी नेली तर तिथे एक मऊ, गोडसर वास अजून शिल्लक असतो, आणि माझ्या मते अगरूची खरी ओळख तोच. हलके, चटकन उडणारे रेणू आधी निघून जातात. राळेतली जड द्रव्यं, पंधरा कार्बनांची सेस्क्विटर्पिनं, कातडीला धरून राहतात आणि तासन्‌तास सावकाश सुटत राहतात. म्हणून लावल्याबरोबर दिलेला निकाल फक्त भिजवण्याच्या पाण्याबद्दलचा असतो, लाकडाबद्दल नाकाला अजून काहीच कळलेलं नसतं.

कंबोडीचं तसं नाही. ते पहिल्या क्षणापासून लाघवी. पिकलेलं फळ, मध, मनुका, आणि खाली लाकूड. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा अगरू लावायचा आहे त्याला अत्तरवाले बहुधा कंबोडीच दाखवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र आज कंबोडी म्हणून मिळणारं बरंचसं तेल थायलंडमधल्या लागवडीच्या अ‍ॅक्विलेरिया क्रॅसना या जातीचं असतं. देशाचं नाव आता एका वासाच्या घराण्याचं नाव झालं आहे. बोर्निओचं तेल हवेशीर, त्यात कापराची थंडाई आणि शेवटी व्हॅनिलासारखी गोडी. पापुआचं हिरवट, पावसात भिजलेल्या रानाचं. व्हिएतनामच्या चांगल्या तेलात धुपाचा गंभीरपणा असतो, आणि तिथल्या 'की नाम' या लाकडाचं नाव काढलं की बैठकीतले सगळे सावरून बसतात. पण ते लाकूड इतकं दुर्मीळ आहे की त्याच्या तेलाच्या नावाने कुणी कुपी पुढे केली तर विश्वास ठेवू नये.

हा वाद आजचा नाही. नवव्या शतकात पर्शियन भूगोलकार इब्न खुर्दाज़बिह याने ख्मेर प्रदेशातल्या 'क़मारी' अगरूपेक्षा चंपा राज्यातला, म्हणजे आजच्या मध्य-दक्षिण व्हिएतनाममधला, 'सन्फी' श्रेष्ठ ठरवला, आणि कारण दिलं की तो जड असून पाण्यात बुडतो. भारतातून येणारा 'मंदली' सर्वोत्तम मानणारेही होते. म्हणजे हिंदी की कंबोडी हा प्रश्न अकराशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचं उत्तर तेव्हाही एकमताने मिळालेलं नव्हतं.

जपानी लोकांनी या तुलनेला खेळाचं रूप दिलं. 'कोदो' या त्यांच्या गंधकलेत तेल नसतं. राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची पातळ चकती ठेवून तिच्यावर अगरूचा कणभर तुकडा तापवतात, जाळत नाहीत. 'गेंजीको' या प्रकारात पाच अगरूंच्या प्रत्येकी पाच पुड्या मिसळून त्यांतल्या पाच उचलतात. यांतल्या कोणत्या सारख्या आणि कोणत्या वेगळ्या एवढंच खेळणाऱ्याने सांगायचं. शक्यता ५२ होतात आणि प्रत्येकीला 'गेंजी'च्या जुन्या जपानी कादंबरीतल्या एकेका प्रकरणाचं नाव आहे. नारा शहराच्या शोसोइन भांडारात 'रांजाताई' नावाचा अगरूचा दीड मीटरहून लांब ओंडका जपून ठेवला आहे. ओदा नोबुनागा या सरदाराने १५७४ मध्ये सम्राटाच्या परवानगीने त्याचा तुकडा कापून घेतला, आणि ही गोष्ट आजही इतिहासात लिहिली जाते.

तापवलेलं लाकूड आणि कातडीवरचं तेल यांचा वास एकसारखा नसतो हेही इथे सांगायला हवं, कारण पुष्कळ नवे शौकीन यावरून गोंधळतात. राळेत सेस्क्विटर्पिनांच्या जोडीला क्रोमोन नावाची द्रव्यं असतात. ती जड असतात आणि वाफेबरोबर तेलात फारशी येत नाहीत. निखाऱ्यावर मात्र ती तुटतात आणि त्यांतून लहान, गोड वासाचे रेणू निघतात. धुपाचा तो विशिष्ट गोडवा कुपीत शोधू नये.

आता नाकाकडे वळू. वास ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार कामाचे असतात, आणि माणसामाणसांत त्यांत फरक असतो. एखादं द्रव्य एकाला ठळक जाणवतं आणि शेजारच्याला जाणवतच नाही. तेव्हा एकाच मनगटावर दोघांना दोन वास आले तर दोघेही खरं बोलत असू शकतात. त्यात कातडीची भर. गरम मनगटावरून तेल लवकर उडतं; कोरड्या कातडीवर ते सहसा कमी टिकतं.

नाव माहीत असणं हाही मोठा अडथळा आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००५ साली केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकच वास दिला. कधी सोबत 'चेडर चीज' असं लिहून दाखवलं, कधी 'अंगाचा वास'. चीज वाचणाऱ्यांना तो अधिक सुखद वाटला, आणि मेंदूच्या चित्रांतही फरक दिसला. हिंदी अगरूची सुरुवात अशाच सीमेवरची आहे. "याला गोठ्याचा वास येतो" असं आधी सांगून मनगट पुढे केलं तर समोरच्याला गोठाच सापडणार. म्हणून तुलना करायचीच असेल तर कुप्यांवरची नावं झाकून, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगावं. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं, तिसरं हवंच असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला. तिनाच्या पुढे जाऊ नये. नाक लवकर शिणतं; काही मिनिटांतच ते सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं सोडून देतं, आणि आपल्याला वाटतं की तेलच विरलं. अत्तराच्या दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात त्या बियांचा उपयोग साध्या हवेपेक्षा जास्त झाला नाही. दाराबाहेर जाऊन पाच मिनिटं उभं राहणं पुरेसं आहे. आणि पाहिलेलं लिहून ठेवावं: लावल्यावर, अर्ध्या तासाने, तीन तासांनी, दुसऱ्या सकाळी. मराठीत वासांसाठी शब्दांची चंगळ आहे. कुबट, आंबूस, खमंग, उग्र, हिरवट, खरपूस, जळकट, तुरट हे शब्द नीट वापरले तर इंग्रजी अत्तरांच्या माहितीपत्रकांकडून काही उसनं घ्यावं लागत नाही.

हिंदी तेलाबद्दल मला जिव्हाळा आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. आसाम हा अगरूचा फार जुना प्रदेश. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त कोठारात यायच्या मौल्यवान वस्तूंत अगरूचे प्रकार रंगावासावरून वेगळे केले आहेत. कालिदासाच्या 'रघुवंशा'त रघू लौहित्य, म्हणजे ब्रह्मपुत्रा, ओलांडून प्राग्ज्योतिषात पोचतो तेव्हा त्याचे हत्ती काळ्या अगरूच्या झाडांना बांधलेले आहेत. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त सातव्या शतकातला कामरूपचा राजा भास्करवर्मा हर्षाला भेटी पाठवतो. त्यांत अगरूच्या सालीवर लिहिलेली पुस्तकं आहेत आणि बांबूच्या नळ्यांत भरलेलं काळ्या अगरूचं तेल आहे. साल वापरण्याची ती रीत टिकली. आसामात या झाडाला सांची म्हणतात, आणि तिथल्या सत्रांमध्ये, म्हणजे वैष्णव मठांमध्ये, 'सांचीपात' पोथ्या आजही जपलेल्या आहेत.

आज या व्यापाराचं मोठं केंद्र मध्य आसामातलं होजाई. सीमेपलीकडे बांगलादेशात मौलवीबाजार जिल्ह्यातलं सुजानगर. होजाईच्या माणसांनी हे तेल मुंबईत आणलं, कारण आखाती देशांतले व्यापारी आणि प्रवासी मुंबईत येत होते. आखातात अत्तराची सर्वज्ञात पेढी असलेल्या अजमलची सुरुवात अशीच झाली. हाजी अजमल अली हे आसामातून १९५० च्या दशकात मुंबईला आले, आणि पुढे त्यांचा कारभार दुबईत गेला. या येण्याजाण्याची खूण वजनात शिल्लक आहे. आखातात अगरूचं तेल आजही तोळ्यावर विकतात, पाव तोळा आणि अर्धा तोळा अशा कुप्यांत. आपल्याकडच्या सराफांचा तोळा व्यवहारात दहा ग्रॅमवर आला, अत्तरवाल्यांचा मात्र अजून पावणेबारा ग्रॅमच्या आसपास आहे.

पाश्चात्त्य अत्तरांत ऊदाची लाट आली ती फार अलीकडे. इव्ह सॅं लोराँचं 'एम ७' २००२ मधलं, टॉम फोर्डचं 'ऊद वुड' २००७ मधलं. त्यानंतर नावात ऊद असलेली अत्तरं ढिगाने आली. बहुतेकांत खऱ्या तेलाऐवजी प्रयोगशाळेत जुळवलेला वास असतो. तो वाईट असतो असं नाही, पण त्यावरून अगरूबद्दल मत बनवू नये. खऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलातही भेसळ फार. पांढऱ्या लाकडाचं 'बोया' तेल मिसळतात, वासहीन द्रावकाने पातळ करतात. लावल्यापासून शेवटपर्यंत एकच एक वास देत राहणारं तेल संशयास्पद समजावं. खरं अगरू तासागणिक बदलतं. भाव फार कमी असेल तर विचारच करू नये.

शौकिनांमध्ये एका गोष्टीचा अभिमान मला पटत नाही, तो म्हणजे 'जंगली' तेलाचा. रानातल्या जुन्या झाडाचं तेल जास्त खोल असतं हे बऱ्याच अंशी खरं आहे, कारण त्या जखमेला अनेक दशकं मिळालेली असतात. पण राळ आत आहे की नाही हे बाहेरून नक्की कळत नाही, म्हणून काळ्या लाकडाच्या आशेने निरोगी झाडंही तोडली गेली. भारताच्याच प्रस्तावावरून अ‍ॅक्विलेरिया मलाक्सेन्सिस ही आपली जात १९९४ साली सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, आणि दहा वर्षांनी सगळी प्रजातीच त्यात घेण्यात आली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आपली ही जात अतिसंकटग्रस्त आहे. त्याच वेळी आसामात आणि त्रिपुरात घरामागच्या वाडीत, सुपारीच्या बागेत लोकांनी ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या लावली आहेत, आणि आज आपल्याकडचं बरंचसं तेल त्याच झाडांचं आहे. २०२४ मध्ये भारताला वर्षाला १,५१,०८० किलो ढलप्या-भुसा आणि ७,०५० किलो तेल निर्यात करण्याचा कोटा जाहीर झाला तो या लागवडीच्या बळावर. लागवडीच्या झाडाचं, नीट मुरवलेलं हिंदी तेल मनगटावर कुठेही कमी पडत नाही. रानातलं म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आखातातून परतताना ऊद आणणाऱ्यांसाठी एक कामाची माहिती. सायटीसच्या सवलतीनुसार प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी, वेगळ्या परवान्याशिवाय, २४ मिलिलिटरपर्यंत तेल आणि एक किलोपर्यंत ढलप्या सोबत नेता येतात. काही देशांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत, तेव्हा निघण्याआधी तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे चौकशी करावी. २४ मिलिलिटर म्हणजे साधारण दोन तोळे. रोज एक रेघ लावणाऱ्याला ते कित्येक वर्षं पुरतं.